लंडन लागलं, जुन्नर एंगेज

न्यूयॉर्कच्या ऐन मध्यवस्तीत टेलिफोन कंपनीची २९ मजली इमारत आहे. ३३, थॉमस स्ट्रीट. १९७४ साली बांधून झाली. एवढी उंच, पण खिडकी म्हणून एक नाही. आत यंत्रं राहणार, यंत्रांना कुठली आलीय बाहेर बघायची हौस, असा बांधणाऱ्यांचा हिशोब. अणुबॉम्ब पडला तरी दोन आठवडे आतला कारभार बिनबोभाट चालावा, अशीही तजवीज करून ठेवलेली. त्याच काळात आमच्या भागातल्या एक्स्चेंजला चांगल्या तीन खिडक्या होत्या, आणि पहिल्या वळवालाच कारभार आटोपत होता.

गावाचं नाव विचारू नका. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत बोट ठेवाल तिथं ते बसेल. भाड्याच्या दोन खोल्या, वर मंगलोरी कौलं, दारावर पाटी आणि पाटीखाली कुणाची तरी बांधलेली शेळी. पुढच्या खोलीत बोर्ड आणि ऑपरेटर. मागच्या खोलीत बॅटऱ्या आणि ऑपरेटरचा जेवणाचा डबा.

बोर्ड म्हणजे उभं लाकडी कपाट. त्यावर एकेका ग्राहकाच्या नावची चिमुकली पितळी झडप. ग्राहकानं घरी फोनचं हँडल गरागरा फिरवलं की इकडं त्याची झडप खट्‌कन पडायची आणि आतला नंबर दिसायचा. मग ऑपरेटर दोरीची पिन त्या भोकात खुपसणार, ‘बोला’ म्हणणार, कोण पाहिजे ते ऐकणार, दोरीची दुसरी पिन पाहिजे त्या माणसाच्या भोकात घालणार आणि आपलं हँडल फिरवून तिकडची घंटी वाजवणार. एकदा बोलणं सुरू झालं की ऑपरेटरनं कान काढून घ्यायचा, असा नियम होता. नियम फार चांगला होता.

नंबर सांगून फोन मागण्याची पद्धत फक्त परगावच्या माणसांत. गावातला माणूस माणूस मागायचा.

“डॉक्टर द्या हो जरा.”

“न्हाईत. आत्ताच खिडकीवरनं फटफटी गेली ओतूरच्या अंगाला. का, कुणाला काय झालं?”

“आईच्या पोटात कळ येतीय.”

“राती काय खाल्लं हुतं?”

“वालाची उसळ.”

“मग दुसरं काय हुनार! ओव्याचा अर्क द्या. तवर ओतूरला सांगून ठिवतो, डॉक्टर टेकले की माघारी धाडा म्हणून.”

डॉक्टरांच्या आधी डॉक्टरांसाठीचा निरोप ओतुरात हजर असायचा. पुढं कंपन्यांनी याच सोयी इंग्रजी नावं देऊन महिन्याच्या भाड्यानं विकल्या. आमच्याकडं त्या खिडकीतून फुकट मिळत होत्या. ३३, थॉमस स्ट्रीटला फोन करून डॉक्टरांची फटफटी कुठं गेली ते विचारून बघा.

ही झाली गावातल्या गावात बोलण्याची गोष्ट. वेशीबाहेर आवाज न्यायचा तर ट्रंक बुक करावा लागे, आणि ट्रंक कॉलच्या तीन जाती होत्या. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. ऑर्डिनरी बुक करणारा घरी जाऊन जेवायचा, पडायचा, गुरांना पाणी दाखवून परत यायचा. अर्जंटवाला तिथंच बाकावर बसून दर दहा मिनिटांनी खाकरायचा. लाइटनिंग फक्त मरण, मोडलेली सोयरीक आणि आमदारकीचं तिकीट एवढ्यापुरता. लागल्यावर मिळायची तीन मिनिटं. पहिलं मिनिट ‘ऐकू येतंय का’मध्ये, दुसरं ‘सगळी बरी हायत ना’मध्ये, तिसरं ‘पाऊस हाय का तिकडं’मध्ये. ज्यासाठी फोन केला तो विषय ओठांवर यायला आणि मधूनच ‘थ्री मिनिट्स ओव्हर’ म्हणायला एकच गाठ पडायची. मग तो विषय पोस्टकार्डानं कळवायचा.

आता यातली खरी गंमत.

२६ फेब्रुवारी १९७१. आमचं असं बाकावर बसून खाकरणं चालू असतानाच नारायणगावाजवळ आर्वीला देशाचं पहिलं आंतरराष्ट्रीय उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. जवळजवळ ३० मीटर व्यासाची थाळी, आणि तिचं तोंड हिंदी महासागरावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेल्या इंटेलसॅट उपग्रहाकडं. भारताला परदेशाशी जे काही बोलायचं, ते आता जुन्नर तालुक्यातून. पुढं डॉ. विक्रम साराभाईंच्या स्मरणार्थ त्याला ‘विक्रम’ हे नाव मिळालं. वर्ष पुरं झालं तेव्हा पोस्टानं आर्वीचं २० पैशांचं तिकीट काढलं. आमच्याकडं एवढ्या सहज तिकीट मिळाल्याचं ते एकच उदाहरण.

परदेशाशी बोलायचं म्हटलं की सरकारला पुणे जिल्हा आठवतो, ही सवय इंग्रजांपासूनची. १९२७ साली विलायतेशी बिनतारी संदेशांची सेवा सुरू झाली तेव्हा संदेश पाठवायचं केंद्र खडकीला होतं आणि घ्यायचं दौंडला. म्हणजे पुण्यानं बोलायचं आणि दौंडनं ऐकायचं. जिल्ह्यातली ही वाटणी पुढंही फारशी बदललेली नाही.

तर समजा, त्या काळी नारायणगावातल्या एखाद्या बागायतदाराला लंडनच्या भाच्याशी बोलायचं आहे. थाळी घराच्या गच्चीवरून दिसते. पायरीवरून हाक मारली तरी तिथला वॉचमन वळून बघेल. पण असं परस्पर बोलता येत नाही. बागायतदाराचा आवाज आधी तारेनं पुण्याला जाणार. पुण्याहून मुंबईला. मुंबईत परदेशी कॉल जोडणारं मोठं एक्स्चेंज, तिथं त्याची नोंद, चौकशी आणि दर. मग मायक्रोवेव्हच्या मनोऱ्यांवरून तो घाट चढून माघारी आर्वीला, म्हणजे निघाला होता त्या घराच्या परसात. तिथून ३६,००० किलोमीटर वर, तेवढाच खाली, की आलं लंडन. मधली माणसं वजा केली तर ही सगळी वारी सेकंदाच्या पावभागात उरकते. माणसं धरली तर दुपार जाते.

तरीही लंडन लागायचं. भाच्याचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा यायचा. मामा इतके दचकायचे की हळू आवाजात बोलायचे.

आणि नारायणगावहून जुन्नर? अंतर पंधराएक किलोमीटर. मध्ये ना समुद्र, ना उपग्रह. ऑर्डिनरी बुक करायला गेलात तर ऑपरेटर खिडकीतून स्टँडकडं बघून प्रामाणिकपणे सांगायचा, “जुन्नर गाडी लागलीय बघा. पळा.”

लोक पळायचे. जुन्नरला जाऊन, बोलून, भेळ खाऊन परत यायचे. बुक केला असता तर तोवर लागलाही नसता.

दळणवळणाच्या बाबतीत हा तालुका मागासलेला मात्र कधीच नव्हता. आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वर माउलींनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले, तोच हा रेडा. भाविकांनी राग मानू नये, पण वदवणारा एक आणि आवाज दुसऱ्याच्याच तोंडून, हा प्रकार ग्रॅहॅम बेलच्या सहाशे वर्षं आधी आपल्याकडं झालेला आहे. शिवाय रेडा एंगेज लागला नाही.

लाइनमन हा वेगळाच विषय. त्याच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला पक्कड आणि खांद्याला लटकवलेला रिसीव्हर. खांबावर चढायचं, रिसीव्हरच्या दोन चिमट्या दोन तारांना लावायच्या आणि आभाळात बघत ‘हॅलो टेस्टिंग’ म्हणायचं. खाली निम्मा गाव माना वर करून उभा. खाली उतरल्यावर निदान ठरलेलं. “आपल्याकडनं लाइन ओके हाय. फॉल्ट खेडच्या बाजूला हाय.” खेडला माणूस पाठवला की कळायचं, तिकडचा लाइनमन त्याच वेळी खांबावरून उतरून फॉल्ट मंचरच्या बाजूला असल्याचं सांगत होता. दोघंही खोटं बोलत नसत. फॉल्ट नेहमी तालुक्याच्या हद्दीवर पडतो, कारण तिथं कुणाचाच खांब नसतो.

आंबेगावची तर आणखीच तऱ्हा. तालुक्याचं नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला आणि खुद्द आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात. परगावच्या नव्या ऑपरेटरनं ‘आंबेगाव जोडून द्या’ म्हटलं की इकडचा विचारायचा, “पाण्याखालचं पाहिजे का वरचं?” पुढं एसटीडी कोड आले तेव्हा जुन्नरला ०२१३२ मिळाला आणि आंबेगावला ०२१३३. एका आकड्याचा फरक, पण मंचरकरानं आपला कोड सांगताना शेवटचा तीन असा काही ठासून म्हणावा की ऐकणाऱ्याला तालुक्याची अस्मिता कळावी.

ऐंशीच्या दशकात सी-डॉट आलं. १९८४ साली स्थापन झालेल्या या सरकारी केंद्रानं खेड्यांसाठी १२८ लाइनींचं एक्स्चेंज बनवलं. त्याला वातानुकूलन लागत नव्हतं, धूळ चालत होती, उकाडा चालत होता. गोष्ट खरोखर मोठी होती, आणि त्यामुळं देशातली खेडी बोलायला लागली, हे हसता हसता विसरायला नको. आमच्याकडं यंत्र आलं, खिडकीला जाळी बसली, दाराला कुलूप लागलं. पितळी झडपा गेल्या आणि त्यांच्यामागं ऑपरेटर गेला. आता डॉक्टरांचा नंबर फिरवला की थेट लागायचा. नुसता वाजत राहायचा. डॉक्टर ओतूरला गेलेत हे यंत्राला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मग पिवळ्या पाट्यांचे दिवस आले. एसटीडी, आयएसडी, पीसीओ. किराणा दुकानाचा कोपरा तोडून काचेची केबिन, आत पंखा नसलेला माणूस आणि बाहेर लाल आकडे पळवणारा मीटर. केबिन आवाज बाहेर जाऊ नये म्हणून असते, अशी समजूत फक्त केबिन बनवणाऱ्या सुताराची होती. आतला माणूस टोमॅटोचा भाव विचारायचा आणि बाहेरच्या रांगेतली चार माणसं रांग सोडून माल तोडायला शेतावर निघायची. वाशीच्या बाजारात काय चाललंय, हे नारायणगावात व्यापाऱ्याआधी केबिनच्या काचेला कळायचं.

रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा. बाकी महाराष्ट्रात ही सवलत होती. जुन्नरात ते धाडस होतं, कारण रात्री अकरानंतर उसातून बिबट्याही निघतो. मुंबईतल्या मुलाशी स्वस्तात बोलायला आईबाप कंदील, काठी आणि सोबतीला शेजारी घेऊन बूथवर यायचे. शेजाऱ्याला बरोबर आणलं म्हणून त्याच्याही मेहुण्याला एक फोन. असं करता करता पाव दराचं बिल पूर्ण दरावर जायचं. पण बिबट्या माणसांचा घोळका बघून लांबनंच निघून जायचा, हा फायदा बिलात धरला पाहिजे.

आणि रुपयाचं नाणं टाकायचा तो लाल डबा! नाणेघाटात दगडी रांजण आहे. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्यांनी त्यात जकात टाकायची, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सातवाहनांनंतर नाणं घेतल्याशिवाय पुढं न सोडणारं यंत्र तालुक्यात आलं ते एकदम हेच. रांजणाचं एक बरं होतं. नाणं गिळून वर ‘सभी लाइनें व्यस्त हैं’ असं तो हिंदीत सांगत नव्हता.

या साऱ्या धामधुमीत टेलिफोनला काडीची किंमत न देणारा एकच धंदा आमच्याकडं टिकला, तो तमाशाचा. गुढीपाडव्याच्या आगेमागे नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रेचे पंच जीप करून येतात, राहुटीत मांडी घालून बसतात, चहा होतो, सुपारी ठरते. सगळ्यांच्या खिशात फोन आहेत, तरी हा सौदा समोरासमोरच. फोनवर आकडा सांगता येतो. पण आकडा ऐकल्यावर फडमालकाचा चेहरा किती पडला आणि त्यातला खरा किती, हे बघायला राहुटीतच जावं लागतं.

आर्वीची थाळी पुरेसं लांबचं ऐकत नाही, असं कुणाला तरी वाटलं असावं. कारण पुढं नव्वदीच्या दशकात खोडदला त्याहून लांबचं ऐकणारं यंत्र उभं राहिलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतली ती महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. चौदा खोडदच्या आसपास एका चौकात, उरलेल्या सोळा तीन दिशांना पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. थाळ्या पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत, आरपार आभाळ दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, पत्रा टाकायचा राहिलाय, बिल निघालं नसेल.

ही जागा निवडण्यामागं बरीच कारणं होती. त्यातलं एक असं, की या टापूत रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता. आमच्याकडं काही म्हणता काही लागत नाही, ही तक्रार आम्ही वर्षानुवर्षं करत होतो. शास्त्रज्ञांनी तिचं सर्टिफिकेट करून दिलं. आता मोबाइलच्या जमान्यात या शांततेसाठी त्यांना झगडावं लागतं. विजेच्या खांबावर सैल तारेत ठिणगी उडाली तरी दुर्बिणीला ती ऐकू जाते. आम्हाला ती ठिणगी दिसते, फोन करून कळवतो, आणि पुढं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

२०२३च्या जानेवारीत बातमी आली, की या दुर्बिणीनं एका दूरच्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा संदेश टिपला. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. जगभर त्याचं कौतुक झालं. ट्रंक बुक करून बाकावर वय घालवलेल्या आमच्या पिढीला मात्र त्यात फारसं नवल वाटलं नाही. उशीर झाला, पण लागला.

दोन खोल्यांचं एक्स्चेंज आता राहिलेलं नाही. सिमेंटची इमारत आली, डोक्यावर मनोरा आला. आत मोठ्या चौकटीवर तारांच्या शेकडो जोड्या गुंफलेल्या असतात, पण त्यातल्या मोजक्याच कुणाच्या घरापर्यंत जातात. एक बँक, एक पोलीस ठाणं आणि एक रिटायर मास्तर, असा हिशोब. मास्तर फोन काढून टाकत नाहीत, त्याला कारण आहे. गावची वीज गेली तरी त्यांचा फोन चालतो, कारण त्याला वीज एक्स्चेंजातल्या बॅटऱ्यांची मिळते. दोन व्होल्टचे २४ सेल, म्हणजे ४८ व्होल्ट. मोबाइलची बॅटरी संपली की शेजारपाजारचे सगळे मास्तरांकडं येतात, आणि मास्तर त्यांना फोन करू देण्याआधी वीस मिनिटं या सेलांची माहिती देतात.

बाकी सगळं आता खिशातच असतं. लंडनला गेलेला भाचा रोज चित्रासकट दिसतो, आता मामाच कंटाळून ‘नेटवर्क जातंय’ म्हणून फोन ठेवतात. नारायणगावहून जुन्नरही लागतं. लागल्यावर पलीकडचा माणूस सांगतो, “मी गाडी चालवतोय, नंतर करतो.” तो कुठं चाललाय, कधी पोचेल आणि ओव्याचा अर्क कुणाला द्यायचा, हे सांगणारं त्या मनोऱ्याखालच्या इमारतीत कुणी नाही. खिडक्या आहेत. आतून कुणी बघत नाही. थॉमस स्ट्रीटवाल्यांनी खिडक्यांचा खर्च तरी वाचवला.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं आणि शाळांच्या गाड्यांची रांग लागते. पोरांना घेऊन जरूर जा. फक्त तिथं मोबाइल बंद ठेवावा लागतो. तेव्हा घरी ‘सुखरूप पोचलो’ म्हणून सांगायचं असेल, तर ते नारायणगाव स्टँडवरूनच, पोचायच्या आधी, सांगून टाका.